झीज, रग आणि आराम : गुडघेदुखीवरील व्यायामोपचाराचा भाषिक विचार

गुडघ्याच्या संधिवातावर व्यायाम हा एक प्रमुख उपचार आहे, या विधानाविषयी वैद्यकशास्त्रात आज फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो त्याच्या गुणाच्या मात्रेविषयी. असे असूनही गुडघे दुखू लागले की पुष्कळ माणसे जी गोष्ट प्रथम करतात ती म्हणजे चालणे कमी करणे. उपचार आणि आचार यांच्यात पडलेल्या या अंतराची कारणे अनेक आहेत. वेळ नसतो, जागा नसते, शिकवणारा मिळत नाही, कंटाळा येतो. प्रस्तुत लेखात यांपैकी कोणत्याही कारणाचा विचार करावयाचा नसून, ज्या शब्दांत आपण गुडघ्याचे दुखणे सांगतो आणि ऐकतो त्या शब्दांचा करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. वैद्यकातील जे निष्कर्ष येथे घेतले आहेत ते प्रसिद्ध आणि सर्वमान्य असेच घेतले आहेत, आणि त्यांवरून भाषेविषयी जे म्हटले आहे त्याची जबाबदारी लेखकाची आहे.

प्रथम रोगाच्या नावाविषयी थोडे. ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ या ग्रीक घडणीच्या शब्दाचे तीन घटक आहेत : अस्थिवाचक ‘ऑस्टिऑन’, संधिवाचक ‘आर्थ्रॉन’ आणि ‘-आयटिस’ हा प्रत्यय. हा प्रत्यय मुळात केवळ संबंधवाचक विशेषणाचा होय. ‘सांध्याचा (रोग)’ एवढाच त्याचा अर्थ. पुढे वैद्यकीय परिभाषेत त्याला ‘दाह’ हा अर्थ चिकटला, आणि त्यालाच अनुसरून आपल्या परिभाषाकारांनी ‘शोथ’ हा शब्द योजिला. लोकभाषेत मात्र हा शब्द रुजला नाही. तेथे ‘संधिवात’ आहे, आणि त्यातील ‘वात’ आयुर्वेदाकडून आला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या प्रकरणी सांध्यांत शिरलेल्या वाताचे वर्णन आहे. सांधा वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखा हाताला लागतो आणि तो पसरताना व आखडताना वेदना होते, असे तेथे म्हटले आहे. वेदनेचा संबंध हालचालीशी जोडणारे हे निरीक्षण आजही जसेच्या तसे स्वीकारता येण्याजोगे आहे. परंतु आजच्या घरात हा ‘वात’ही मागे पडला आहे. आज जो शब्द ऐकू येतो तो ‘झीज’. ‘गुडघे झिजलेत’, ‘गादी झिजली’, ‘वंगण संपलं’, ‘हाडाला हाड घासतं’ ही वाक्ये डॉक्टर, रुग्ण, शेजारी आणि औषधविक्रेता या सर्वांच्या तोंडी सारखीच असतात.

या वाक्यांत यंत्राचे रूपक आहे, हे कोणाच्याही ध्यानी येईल. वंगण, गादी, घासणे हे शब्द गाडीच्या चाकाचे आहेत. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांच्या १९८० मधील ग्रंथापासून रूपकांकडे केवळ अलंकार म्हणून न पाहता विचारांची चौकट म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती सवय येथे उपयोगी पडते. यंत्राचा भाग वापराने झिजतो, आणि न वापरल्यास टिकतो. झिजलेला भाग दुरुस्त होत नसतो, बदलावा लागतो. रूपक एकदा स्वीकारले की हे निष्कर्ष वेगळे शिकवावे लागत नाहीत, ते रूपकाबरोबर येतात. रुग्णाने चालणे कमी केले तर तो अडाणीपणा नव्हे. त्याला जे सांगितले गेले त्यावरून त्याने काढलेला तो अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष होय. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांतही हीच विचारसरणी आढळली. हाडाला हाड लागले आहे, भार दिल्यास आणखी नुकसान होईल, म्हणून व्यायाम करण्यात अर्थ नाही आणि शस्त्रक्रिया हाच मार्ग, असे त्या इंग्रजी भाषकांचेही म्हणणे होते. म्हणजे हे रूपक एकट्या मराठीचे नाही.

मराठीत मात्र त्याला आणखी एक पदर आहे, आणि तो इंग्रजीत नाही. आपल्याकडे झिजणे ही केवळ हानी नसते. माणूस ‘चंदनासारखा झिजतो’. आई संसारासाठी झिजते, कार्यकर्ता संस्थेसाठी झिजतो. झिजणे हे आपल्या नीतिविचारात त्यागाचे क्रियापद आहे. एखादी वृद्ध स्त्री ‘माझे गुडघे झिजलेत हो आता’ असे म्हणते तेव्हा त्या वाक्यात तक्रारीबरोबर एक हिशेबही असतो. पाणी भरले, उकिडवे बसून भांडी घासली, जिने चढले, मुले वाढवली, त्याची ही पावती. अशा व्यक्तीला ‘तुमचे स्नायू दुर्बळ झाले आहेत, व्यायाम करा’ असे सांगणे म्हणजे तिच्या आयुष्यभराच्या श्रमांना व्यायाम न मानणे होय, आणि ते तिला मनातून लागते. ‘आयुष्यभर व्यायामच केला की’ हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याला हसून सोडून देणे सोपे आहे; पण त्यात एक खरा प्रश्न आहे. कष्ट आणि व्यायाम यांत फरक काय, हे सांगणारे साधे मराठी वाक्य आपण अद्याप तयार केलेले नाही.

झिजेच्या कल्पनेत तथ्य कितपत आहे? कूर्चा पातळ होते, तिला भेगा पडतात, हे खरे आहे. विल्यम हंटर याने १७४३ मध्येच लिहून ठेवले होते की एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. परंतु कूर्चेत मज्जातंतू नसतात, म्हणजे दुखते ते कूर्चेत नव्हे. दुखते ते तिच्याखालील हाडात, सांध्याच्या आतील अस्तरात, अस्थिबंधांत आणि भोवतालच्या ऊतींत. कूर्चेला रक्तवाहिन्याही नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते, आणि तो द्रव भार पडताना व उचलताना स्पंजाप्रमाणे आत-बाहेर होतो. तात्पर्य, यंत्राचे ज्याने नुकसान होते त्याच भाराची, मर्यादेत असताना, जिवंत सांध्याला गरज असते. शिवाय हा रोग आज केवळ कूर्चेचा मानला जात नाही. हाड, अस्तर, स्नायू असा संपूर्ण सांधा त्यात सापडतो, आणि शरीराची दुरुस्तीची धडपडही त्यात चालू असते.

क्ष-किरण छायाचित्र आणि वेदना यांचा मेळ नीट बसत नाही, हीही गोष्ट जुनी आहे. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये छायाचित्रांची ० ते ४ अशी जी प्रतवारी सुचविली ती आजही वापरात आहे. पण चौथ्या प्रतीचे गुडघे घेऊन फिरणारी माणसे आहेत आणि पहिल्या प्रतीत अंथरुण धरणारीही आहेत. ज्यांना काहीच दुखत नाही व पूर्वी इजाही झालेली नाही अशांच्या गुडघ्यांची चुंबकीय चित्रे काढणाऱ्या अनेक पाहण्यांचे एकत्रीकरण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चाळिशीपुढील व्यक्तींमध्ये या रोगाची एक ना एक खूण १९ ते ४३ टक्के आढळली. धावण्याविषयी २०१७ मधील एका संकलनात हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्क्यांना नितंब वा गुडघ्याचा हा रोग होता, तर बैठे जीवन जगणाऱ्यांत हे प्रमाण १०.२ टक्के होते. येथे सावध राहिले पाहिजे, कारण ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहतात, असाही त्याचा अर्थ लावता येईल. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत तर प्रमाण १३.३ टक्के होते. तरीही चाकाच्या न्यायाने धावणाऱ्यांचे सर्वच आकडे मोठे असावयास हवे होते, आणि तसे ते नाहीत.

व्यायामाचा गुण किती, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर ‘मध्यम’ असे द्यावे लागेल. १९९७ मध्ये अमेरिकेत साठीपुढील ४३९ व्यक्तींवर अठरा महिने एक प्रयोग झाला. त्यात चालण्याचा व्यायाम करणारे आणि वजनांच्या साह्याने स्नायूंचा व्यायाम करणारे असे दोन्ही गट, केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटापेक्षा वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत काहीसे बरे राहिले. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या समीक्षेत असे ५४ प्रयोग तपासले गेले, २०२४ च्या आवृत्तीत १३९. नव्या आवृत्तीचा सूर अधिक सावध आहे. सुधारणा खरी आहे, पण ती रुग्णाला जाणवण्याइतकी मोठी प्रत्येक वेळी असतेच असे नाही, असे तिचे सांगणे. वजन अधिक असल्यास आहारनियमनाची जोड दिल्याने गुण वाढतो, हे २०१३ मधील ४५४ व्यक्तींच्या प्रयोगात दिसून आले. वजन जितके उतरते त्याच्या सुमारे चौपट भार दर पावलाला गुडघ्यावरून उतरतो, असे त्याच परंपरेतील २००५ चे मापन आहे. मध्यम गुणाचा उपचार म्हणून त्याकडे पाठ फिरवावी असे कोणी म्हणेल, तर त्याने वेदनाशामक गोळ्यांचा गुणही याच सुमाराचा असतो आणि जठर, मूत्रपिंड व हृदय यांवर त्यांचे दुष्परिणाम होऊ शकतात, हे ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. व्यायाम सुरू केला की पहिल्या आठवड्यात काहीतरी दुखते, हे जवळजवळ निश्चित. या दुखण्याचा अर्थ रुग्ण कसा लावतो यावर पुढचे सर्व अवलंबून असते. ‘दुखलं म्हणून सोडलं’ हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण असते, आणि ‘दुखणे’ हे क्रियापद येथे अपुरे पडते. कारण ते फार व्यापक आहे.

वेदनेच्या शब्दांचा शास्त्रीय अभ्यास कॅनडात रोनाल्ड मेलझॅक यांनी केला. १९७१ मध्ये त्यांनी वॉरेन टॉर्गर्सन यांच्यासह वेदनेची वर्णने करणारे १०२ इंग्रजी शब्द गोळा करून त्यांचे वर्ग पाडले. १९७५ मध्ये त्यांतून ७८ शब्दांची, २० गटांत विभागलेली प्रश्नावली सिद्ध झाली. तिचे पुढे अनेक भाषांत रूपांतर झाले. अशा रूपांतरात एक अडचण असते. इंग्रजीत विशेषणांचे जे काम आहे ते मराठीत बव्हंशी क्रियापदे आणि अनुकरणवाचक धातू करतात. दात ठणकतो, फोड ठसठसतो, जखम चरचरते, डोळे चुरचुरतात, काटा सलतो, सांधा आखडतो, पाय भरून येतात, पाठ धरते, बरगडीत चमक निघते, पोटात कळ येते, पोटरीत गोळा येतो, हाताला रग लागते. प्रत्येक शब्दाला अवयव ठरलेला, काळाची गती ठरलेली, आणि बहुधा कारणही ठरलेले. ‘गुडघा चरचरतो’ असे कोणी म्हणत नाही. म्हणालाच तर कातडीला काही लागले आहे असे आपण समजू.

या यादीतील ‘रग’ हा शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने अमोल आहे. कळशी एकाच हातात बराच वेळ धरली, मूल कडेवर घेऊन उभे राहिले, खुर्ची न घेता रांगेत तासभर काढला की जे होते ती रग. ती स्नायूची असते, सांध्याची नव्हे. हळूहळू चढते आणि श्रम थांबताच हळूहळू उतरते. तिचे कारण माणसाला ठाऊक असते आणि म्हणून तिची भीती वाटत नाही. ‘भरून येणे’ तिच्या शेजारचे, पण ते दुसऱ्या दिवशीचे. उलट ‘चमक’ आणि ‘कळ’ या अवचित येतात, त्यांना टोक असते, आणि त्या माणसाला जागच्या जागी थांबवतात. व्यायाम शिकवणाऱ्याला जो भेद रुग्णाच्या गळी उतरवावयाचा असतो तो नेमका हाच आहे. मांडीचा पुढचा स्नायू कामाला लागला की त्याला रग लागणारच, आणि ती लागणे हे व्यायाम योग्य मात्रेत चालल्याचे चिन्ह आहे. गुडघ्यात कळ आली किंवा चमक निघाली तर मात्र मात्रा कमी करावी. ‘थोडे दुखेल, पण घाबरू नका’ या वाक्यात हा भेद नाहीसा होतो. ‘मांडीला रग लागली पाहिजे, गुडघ्यात कळ येता कामा नये’ या वाक्यात तो शिल्लक राहतो, आणि त्यासाठी एकही नवा पारिभाषिक शब्द घडवावा लागत नाही.

अर्थात गुडघेदुखीच्या रुग्णाला व्यायामात गुडघा अजिबात दुखू नये असा आग्रहही धरता येत नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालू असलेल्या ‘ग्लॅड’ नावाच्या कार्यक्रमात ० ते १० या मापावर वेदना सांगावयास शिकवतात. २ पर्यंत निर्धास्त, ५ पर्यंत चालण्याजोगी, त्यापुढे जास्त. आणि वाढलेली वेदना चोवीस तासांत पूर्वपदावर आली पाहिजे, असा नियम. नियम उत्तम आहे, परंतु शून्य ते दहा या आकड्यांत वेदना मोजण्याची सवय आपल्याकडील वृद्ध पिढीला फारशी नाही. तिचे माप निराळे आहे. ‘रुपयातले बारा आणे दुखणे गेले’, ‘अजून चार आणे आहे’ असे ही मंडळी सहज बोलतात. दशमान नाणी येऊन (१९५७) किती वर्षे लोटली, पण आणा वेदनेच्या हिशेबात टिकून आहे! ‘सोळा आण्यांत किती?’ हा प्रश्न जुने डॉक्टर विचारीत असत. त्यात मागासलेपण काही नाही. चार आण्यांपर्यंत निर्धास्त, आठ आण्यांपुढे थांबावे, अशी त्याच नियमाची ढोबळ मराठी आवृत्ती करता येईल.

वाक्यरचनेकडेही पाहावयास हवे. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९९८ मध्ये वेदनेच्या व्याकरणावर एक निबंध लिहिला. वेदना ही वस्तू, गुण की क्रिया, हे इंग्रजीचे व्याकरण निश्चित ठरवू शकत नाही, असा त्याचा आशय. मराठीत ‘मला दुखते’ यात अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. ‘माझा गुडघा दुखतो’ यात गुडघाच कर्ता झाला. आणि ‘गुडघा मला जिना चढू देत नाही’ यात तर तो परवानगी देणारा अधिकारी झाला. पण रोगाच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे रूप म्हणजे ज्याला आपले वैयाकरण शक्य क्रियापद म्हणतात ते. ‘मला चालवत नाही’, ‘मला उठवत नाही’, ‘जिना चढवत नाही’. हे रूप प्रायः नकारात येते, आणि त्यात इच्छा शाबूत असून देह असमर्थ असल्याचा भाव असतो. अडचण अशी की त्यात पायरी नाही. चढताना दुखते म्हणून मी टाळतो, चढायला भीती वाटते, आणि चढण्याइतकी ताकदच नाही या तीन अगदी भिन्न स्थिती ‘चढवत नाही’ या दोन शब्दांत मावतात. उपचाराच्या दृष्टीने तिघांचे मार्ग वेगळे. पहिल्याला मात्रा कमी करून द्यावयाची, दुसऱ्याला समजूत, तिसऱ्याला बळ. ‘चढवत नाही’ हे उत्तर मिळाल्यावर ‘म्हणजे काय होते?’ असा पुढचा प्रश्न विचारला गेला नाही तर कागदावर ‘असमर्थ’ अशी नोंद होते, आणि पुढे ती रुग्णाच्याही मनात उतरते.

संधिवाताच्या संशोधनात सर्वत्र वापरली जाणारी ‘वोमॅक’ ही प्रश्नावली निकोलस बेलामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कॅनडात सिद्ध केली. तीत २४ प्रश्न आहेत : वेदनेचे ५, ताठरपणाचे २ आणि हालचालीचे १७. या सतरांत मोजे घालणे, मोजे काढणे, मोटारीत चढणे-उतरणे, न्हाणीच्या टबात शिरणे व बाहेर येणे अशी कामे आहेत. ज्यांच्या घरी टब नाही, मोजेही नाहीत, अशांनी काय उत्तर द्यावे? आपल्याकडील गुडघ्याची परीक्षा जमिनीवर होते. मांडी घालणे, उकिडवे बसणे, पाय मुडपून बसणे, हात न टेकता पाटावरून उठणे या हालचालींना तीत स्थान नाही. पुण्यातील संधिवातरोग केंद्राने भारतीय राहणीस अनुसरून या प्रश्नावलीत फेरफार केले व ती संशोधनात वापरली, हे या संदर्भात आवर्जून सांगितले पाहिजे. १९९६ मध्ये भिगवण येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेखाली घरोघर फिरून संधिरोगांची जी पाहणी सुरू झाली, तीही याच मंडळींची. खेड्यातील माणसाला त्याच्या शब्दांत विचारल्यावाचून अशी पाहणी होऊच शकत नाही.

‘आराम’ या शब्दाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. मराठीत ‘आराम करणे’ म्हणजे विश्रांती घेणे आणि ‘आराम पडणे’ म्हणजे बरे वाटणे. एकाच शब्दाने उपाय आणि फल दोन्ही सांगितले जातात, आणि त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणभाव आहे असे सहज वाटून जाते. वैद्यकही एके काळी याच मताचे होते. जॉन हिल्टन याने १८६० नंतरच्या आपल्या व्याख्यानांत विश्रांतीचे माहात्म्य सांगितले, आणि ह्यू ओवेन थॉमस याने दुखरा सांधा दीर्घकाळ, अखंड, सक्तीने स्थिर ठेवावा असे प्रतिपादिले. त्या काळी सांध्यांचा क्षय फार होता, त्यावर औषध नव्हते. म्हणून त्यांचा उपदेश त्या रोगापुरता सयुक्तिक होता. रोग बदलला, उपदेश मागे राहिला. आजही सांधा एकाएकी सुजून लाल व गरम झाला, बरोबर ताप आला, पडल्यानंतर पाय टेकवेनासा झाला किंवा गुडघा अडकून बसला, तर व्यायाम न करता डॉक्टरकडेच गेले पाहिजे. नेहमीच्या दुखण्यात मात्र आराम केल्याने आराम पडत नाही. मांडीचा स्नायू बारीक होतो, सांधा अधिक आखडतो आणि पुढच्या वेळी तोच जिना अधिक दुखतो.

आता जे शब्द उपकारक आहेत त्यांच्याकडे. ‘व्यायाम’ हा वि + आ + यम् या घडणीचा, मूळ अर्थ ताणणे, पसरणे. दोन्ही हात पसरून होणारे ‘व्याम’ हे माप त्याचेच भावंड. ‘कसरत’ अरबीतून आला असून तेथे त्याचा अर्थ विपुलता असा आहे. पुष्कळ वेळा करणे म्हणजे कसरत. ‘तालीम’ही अरबी, अर्थ शिक्षण, आपल्याकडे ती कुस्तीगिरांची जागा झाली. या तीन शब्दांत गुडघ्याच्या उपचाराची तीन अंगे आली आहेत, असे म्हणावयाचा मोह होतो. व्युत्पत्तीवरून सिद्धांत काढू नये हे विद्यार्थ्यांना नेहमी सांगणाऱ्याने तो आवरावा हेच बरे. तरी ‘तालीम’ हा शब्द पुन्हा हाती घेण्याजोगा आहे. वर उल्लेखिलेल्या डेन्मार्कच्या कार्यक्रमात दोन बैठका शिक्षणाच्या आणि बारा व्यायामाच्या, आठवड्यातून दोनदा, अशा सहा आठवडे होतात. या जोडकामाला मराठीत ‘व्यायामोपचार’ म्हणण्यापेक्षा ‘गुडघ्याची तालीम’ म्हटल्यास ते अधिक लवकर समजेल, आणि साठीच्या पुरुषांना तरी त्यात कमीपणा वाटणार नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मातोश्रींना एका रुग्णालयातून व्यायामाचा छापील कागद मिळाला होता. त्यावर ‘चतुःशिरस्क स्नायूचे समलांबी आकुंचन, १० पुनरावृत्त्या, सहनीय वेदनेपर्यंत’ असे होते. मजकूर अचूक होता. तो वाचून त्यांनी कागद देवघरातील पोथ्यांत ठेवून दिला. तोच मजकूर असा लिहिता आला असता : ‘पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवा. गुंडाळी गुडघ्याने खाली दाबा, मांडी घट्ट होऊ द्या, पाच अंक मोजा, सोडा. असे दहा वेळा.’ पुढे पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे. मग खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे. मग एका पायरीवर चढणे-उतरणे. खुर्ची प्रथम उंच घ्यावी, जमू लागले की सखल. चालणे असावेच, सायकल किंवा पाण्यातील व्यायाम ज्याला शक्य त्याने करावा; हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारून. कोणता व्यायाम सर्वांत श्रेष्ठ याविषयी शास्त्रात एकवाक्यता नाही, आणि जो चालू राहील तो चांगला एवढेच म्हणता येते. फरक दिसावयास साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि सोडल्यास तो ओसरतो, हे दोन्ही कागदावर प्रारंभीच लिहिलेले असावे.

असा कागद तयार करणे हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे; मात्र त्यासाठी बोलींची माहिती हवी. कोकणात कित्येकांचे ‘ढोपर’ दुखते, गोव्यात ‘दिंबी’. ‘रग’ सर्व बोलींत याच अर्थाने चालते की काही ठिकाणी तिच्यात ताठा आणि मस्ती हाच अर्थ उरला आहे, हे घरोघर जाऊन विचारावे लागेल. जेथे तो अर्थ उरला असेल तेथे ‘मांडीला रग लागली पाहिजे’ या वाक्यावर लोक हसतील, आणि तेथे दुसरा शब्द शोधावा लागेल.